मोसंबीच्या ग्रीनिंगची प्रोब-तपासणी: उशिरा उठणाऱ्या रेषेचं काय करायचं?

जालन्याकडच्या एका रोपवाटिकेशी जोडलेल्या छोट्या प्रयोगशाळेचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मोसंबीच्या मातृवृक्षांची, म्हणजे ज्यांच्या डोळकाड्या कलमांना घेतो त्या झाडांची, ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगासाठी तपासणी करतो, फॅम रंगाचा प्रोब वापरून रिअल-टाइम पीसीआरवर (डीएनएच्या प्रती सायकलमागून सायकल वाढवत त्यांची चमक मोजणारं मशीन). नुसतं पाणी घातलेल्या ट्यूबमध्येही ३७-३८ व्या सायकलला रेषा उठते. बऱ्याच झाडांचा सीटी, म्हणजे रेषा ठरलेली पातळी ओलांडते ती सायकल, ३५ ते ३८ च्या दरम्यान येतो. आणि बागेत पिवळीधमक दिसणारी काही झाडं चक्क निगेटिव्ह निघतात. प्रोब खराब, मशीन खराब की आमचा हात?

या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही बहुधा वेगळी आहेत. त्यामुळे ‘३५ च्या पुढचं सगळं निगेटिव्ह धरा’ असा एकच नियम लावून मोकळं होऊ नका. तसं केलं तर पाण्यातली रेषा कागदावरून जाईल, पण ट्यूबमधून जाणार नाही. आणि खरोखर रोग असलेलं, पण जिवाणू कमी असलेलं झाड ‘निरोगी’ ठरून त्याच्या डोळकाड्या शेकडो खुंटांवर चढतील. मातृवृक्षाच्या तपासणीत यापेक्षा महाग चूक नाही.

आधी प्रोब ट्यूबमध्ये काय करतो ते पाहू, कारण पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे. प्रोब म्हणजे वीस-पंचवीस अक्षरांचा डीएनएचा तुकडा. त्याच्या एका टोकाला फॅम हा चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला त्याची चमक गिळणारा क्वेंचर. दोघं एकमेकांपासून काही नॅनोमीटरवर असतात तोवर फॅमने घेतलेली ऊर्जा क्वेंचर काढून घेतो आणि मशीनला जवळजवळ काही दिसत नाही. जिवाणूचा डीएनए असला तर प्रोब त्याच्यावर दोन प्रायमरच्या (नक्कल जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) मधे जाऊन बसतो. डीएनएची नक्कल करणारं टॅक एन्झाइम प्रायमरपासून साखळी वाढवत पुढे येतं, वाटेत प्रोब लागतो, आणि ते त्याला पुढच्या टोकापासून कातरत जातं. टॅकचा हा कातरण्याचा गुण वापरून डीएनए ओळखता येतो हे १९९१ मध्ये दाखवलं गेलं. रंग सुटला, क्वेंचरपासून लांब गेला, की ५२० नॅनोमीटरच्या आसपास चमकायला लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तुटलेला प्रोब पुन्हा जुळत नाही. तो एन्झाइमने तुटो की वारंवार वितळण्या-गोठण्याने, त्याची चमक कायमची पार्श्वभूमीत जमा होते. दुसरी, सायबर ग्रीन या रंगाच्या पद्धतीसारखं शेवटी मेल्ट कर्व्ह (माल तापवत नेऊन तो कुठल्या तापमानाला सुटतो त्याची रेषा) काढून ‘हा माल खरा की खोटा’ हे या पद्धतीत पाहता येत नाही. मॉलिक्युलर बीकन या वळलेल्या प्रोबने ते जमतं, पण तुमच्याकडचा प्रोब कातरला जाणारा आहे. त्यामुळे खरं-खोटं ठरवायला तुमच्याकडे रेषेचा आकार, कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेल्या तुलनेच्या ट्यूब) आणि दुसऱ्या जीनवरची चाचणी एवढीच साधनं आहेत. ती पुरेशी आहेत, फक्त रोज वापरायला हवीत.

आता पिवळी झाडं निगेटिव्ह का येतात ते पाहू.

मराठवाड्यातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मोसंबी पिवळी पडायला ग्रीनिंगच लागतं असं नाही. जस्ताची कमतरता असते, लोहाची असते, पाणी साचून मुळं गुदमरलेली असतात, बुंध्याला डिंक्या लागलेला असतो. ट्रिस्टेझा असला तर तो आरएनए विषाणू आहे, तुमच्या या चाचणीत तो दिसणारच नाही. म्हणून पान हातात घेऊन बघायला शिका. झाडाचं पक्कं झालेलं पान उजेडासमोर धरा आणि मधल्या शिरेच्या डाव्या बाजूवर एक ठिपका निवडा, पिवळा किंवा हिरवा. आता शिरेच्या उजव्या बाजूला बरोबर तेवढ्याच अंतरावर पाहा. जस्ताच्या कमतरतेत दोन्ही बाजूंचा नमुना आरशातल्यासारखा सारखा दिसतो, शिरांच्या मधली जागा पिवळी, पानं लहान आणि अरुंद. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानावर हिरव्या शिरांची बारीक जाळी उठून दिसते. ग्रीनिंगमध्ये मात्र डावीकडे पिवळा डाग असेल तिथे उजवीकडे हिरवं असतं. डाग शिरा ओलांडून जातात आणि दोन बाजूंचा मेळ बसत नाही. असं पान कडक आणि जाडसर लागतं, कारण त्यात स्टार्च साठलेला असतो. पंचाईत अशी की ग्रीनिंगच्या झाडावर जस्ताच्या कमतरतेसारखी पानंही येतात. म्हणजे सारखा नमुना दिसला म्हणून झाड निर्दोष ठरत नाही. बेमेळ नमुना दिसला तर मात्र शंका पक्की धरा.

दुसरं कारण नमुन्याचं आहे. ग्रीनिंगचा आशियाई जिवाणू, कँडिडेटस लिबरिबॅक्टर एशियाटिकस, झाडाच्या अन्नवाहिनीत राहतो. माध्यमावर शुद्ध स्वरूपात वाढवत ठेवता येत नाही, म्हणून तर आपण डीएनएच्या मागे आहोत. तो झाडभर सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत सीटी २४ आणि शेजारच्या फांदीत काहीच नाही, असं होऊ शकतं. पानाच्या पात्यात अन्नवाहिनी कमी, देठात आणि मधल्या शिरेत जास्त. तुम्ही अख्खं पान कुटत असाल तर हिरवं पातंच जास्त घेताय आणि जिवाणू विरळ करताय. पातं बाजूला काढा, फक्त देठ आणि मधली शीर घ्या. एका झाडाची चारही दिशांनी मिळून आठ-दहा पक्की झालेली पानं, संशयित फांदी असेल तर तिची वेगळी पिशवी.

हंगामही पाहा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि त्या काळात झाडातली जिवाणूंची संख्या घटते. हा आशियाई प्रकार आफ्रिकी प्रकारापेक्षा उष्णता जास्त सहन करतो हे खरं, पण ४० अंशांच्या वर त्यालाही सोसत नाही. कुंडीतल्या रोपांवर उष्णतेचा उपचार करतात तो याच आधारावर. तेव्हा मे महिन्यात आलेला निगेटिव्ह निकाल अर्धाच समजा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरपासून थंडीपर्यंत, तीच झाडं पुन्हा तपासा. अंबड-घनसावंगीहून नमुने आणताना पानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गाडीच्या काचेमागे ठेवू नका. ओलसर नाही, कोरड्या कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटांबरोबर, पण बर्फाला थेट टेकवून नाही. प्रयोगशाळेत ४ अंशांवर ठेवून दोन-तीन दिवसांत डीएनए काढा.

डीएनए काढण्याबद्दल थोडक्यात, कारण सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) वापरायची पद्धत बहुतेकांना येते. पानं धुऊन, ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या. २०० मिलिग्रॅम शिरा ब्लेडने शक्य तितक्या बारीक चिरा. प्रत्येक झाडाला नवं ब्लेड. लिक्विड नायट्रोजन नसेल तर ६५ अंशांना तापवलेला २ मिलिलिटर बफर घालून खलात तिथेच कुटा. बफरमध्ये सीटॅब २ टक्के, सोडियम क्लोराइड १.४ मोलर, ईडीटीए २० मिलिमोलर, ट्रिस १०० मिलिमोलर पीएच ८, आणि पीव्हीपी १ ते २ टक्के. मर्कॅप्टोइथेनॉल ०.२ टक्के ऐनवेळी, वाफा खेचून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली. पीव्हीपी वगळू नका. मोसंबीच्या शिरांत फेनॉल आणि चिकट शर्करा भरपूर असतात, आणि डीएनएचा गोळा तपकिरी आला तर समजा ते सोबत आलेत. शेवटी ७० टक्के इथेनॉलने धुतल्यावर गोळा नीट वाळवा. थेंबभर इथेनॉल राहिलं तरी पीसीआर अडतो. डीएनए २० ते ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरवर आणून ठेवा. प्रकाश शोषणाचं २६०/२८० चं गुणोत्तर १.८ ते २ आलं म्हणजे झालं असं नाही, २६०/२३० पण पाहा. ते १.५ च्या खाली असेल तर शर्करा-फेनॉल शिल्लक आहेत.

दर वेळी नमुन्यांबरोबर एक ट्यूब पानाशिवाय, नुसता बफर घेऊन शेवटपर्यंत न्या. या ‘रिकाम्या’ ट्यूबशिवाय डीएनए काढताना घाण लागली की मिक्स बनवताना, हे कधीच कळणार नाही. दुसरी एक ट्यूब कीडरोधक जाळीत वाढवलेल्या निरोगी रोपाच्या पानांची.

मिक्सचं प्रमाण, २० मायक्रोलिटरच्या एका ट्यूबसाठी:

दुप्पट तीव्रतेचा मास्टर मिक्स १० मायक्रोलिटर
ग्रीनिंगचे दोन प्रायमर, १० मायक्रोमोलरचे, प्रत्येकी ०.८
ग्रीनिंगचा फॅम प्रोब, १० मायक्रोमोलर, ०.४
झाडाच्या कॉक्स जीनचे दोन प्रायमर, प्रत्येकी ०.३
कॉक्सचा हेक्स (फॅमहून वेगळ्या रंगाचा) प्रोब ०.४
पाणी ५
डीएनए २

म्हणजे ग्रीनिंगचे प्रायमर ४०० नॅनोमोलर, प्रोब २०० नॅनोमोलर, आणि कॉक्सचे प्रायमर मुद्दाम कमी, १५० नॅनोमोलर. कॉक्स हा झाडाच्या मायटोकॉन्ड्रियातला जीन, पानाचा डीएनए नीट आला आणि पीसीआर चालला हे पाहण्यासाठी घेतलेला; त्याच्या प्रती अफाट. तो १५-१८ व्या सायकललाच वर येतो आणि प्रायमर भरपूर दिले तर एन्झाइम आणि न्यूक्लिओटाइड खाऊन टाकतो. मग ३४ व्या सायकलला यायचा अशक्त ग्रीनिंगचा सिग्नल उपाशी राहतो. तुमच्या मिक्समध्ये दोन्ही जोड्या सारख्या प्रमाणात असतील, तर ३५ ते ३८ वाल्या नमुन्यांपैकी काही इथूनच आलेले असतील. खात्री करायला तेच नमुने फक्त ग्रीनिंगचे प्रायमर-प्रोब घालून, कॉक्सशिवाय, चालवून बघा. सीटी दोन-तीन सायकल अलीकडे सरकला तर चोर सापडला.

२४ ट्यूब असतील तर मिक्स २६-२७ ट्यूबचा बनवा. प्रोग्रॅम ९५ अंशांना १० मिनिटं, मग ४० वेळा ९५ अंश १५ सेकंद आणि ६० अंश १ मिनिट, वाचन ६० अंशांवर. मास्टर मिक्सच्या पाकिटावर पहिला टप्पा २ मिनिटांचा दिला असेल तर तो पाळा, एन्झाइम कसं झाकून ठेवलंय त्यावर ते ठरतं. सायकल ४० च्या पुढे वाढवू नका. ४५ केल्याने संवेदनशीलता वाढत नाही, गोंधळ वाढतो.

आता पाण्यातली रेषा. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवायला हवा.

आधी अंदाज घ्या की शत्रू किती मोठा आहे. २० मायक्रोलिटरच्या ट्यूबमध्ये पीसीआर संपल्यावर मालाच्या साधारण एक लाख कोटी प्रती असतात, म्हणजे १ वर १२ शून्यं. २० मायक्रोलिटर म्हणजे २०,००० नॅनोलिटर. भागाकार केला तर एका नॅनोलिटरमध्ये ५ कोटी प्रती. झाकण उघडताना उडणारा, डोळ्याला न दिसणारा तुषारही हजारो ट्यूब बिघडवायला पुरतो. म्हणून संपलेली ट्यूब कधीही, कुठल्याही कारणाने, प्रयोगशाळेत उघडायची नाही. जेलवर माल पाहायचाच असेल तर दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या पिपेटने, आणि त्या दिवशी परत मिक्सच्या टेबलाकडे यायचं नाही. संपलेल्या प्लेट दोन पिशव्यांत बांधून बाहेर काढा. ऑटोक्लेव्ह करू नका, त्याने डीएनए वाफेबरोबर खोलीभर पसरू शकतो.

घाण कुठून येतेय हे शोधायला एक पूर्ण रन खर्च करा. आठ ट्यूबमध्ये नुसतं पाणी. आठही ट्यूबमध्ये ३६-३७ ला जवळजवळ सारखी रेषा आली, तर घाण मिक्सच्या एखाद्या घटकात आहे. आठपैकी दोन-तीनच उठल्या, तर ती हाताची, टिपची किंवा हवेची. निम्म्या उठल्या तर हिशोबाने ट्यूबमागे सरासरी एकाहून कमी, ०.७ च्या आसपास प्रती पडत आहेत. इतक्या कमी घाणीत कधी रेषा येते, कधी येत नाही, आणि ‘काल ठीक होतं, आज नाही’ असा भास होतो. ते ठीक कधीच नव्हतं.

मग कॉक्सकडे पाहा. बहुतेक जण पाण्याच्या ट्यूबमध्ये फक्त फॅमची रेषा बघतात आणि हेक्सचा पडदा उघडतच नाहीत. समजा तुमच्या पॉझिटिव्ह झाडाच्या डीएनएचा ग्रीनिंग सीटी २५ आणि कॉक्स १६ आहे. दोघांत ९ सायकलचं अंतर. त्याच डीएनएचा शिंतोडा पाण्यात पडून फॅम ३७ ला आला, तर कॉक्स २८ च्या सुमारास यायलाच हवा. कॉक्स आला आणि अंतरही जुळलं तर पानाचा डीएनए उडालाय: पिपेट, टिप, नमुने घालतानाची घाई. कॉक्स अजिबात नाही आणि फॅम एकटाच, तर तो पानाचा डीएनए असूच शकत नाही. दोन्ही जोड्या असलेल्या जुन्या ट्यूबमधला मालही बहुधा नाही, कारण त्यात कॉक्सचाही माल असतो. मग संशय दोघांवरच: तुमचा प्लाझमिडचा (जीन घालून ठेवलेला गोल डीएनए) किंवा कृत्रिम पॉझिटिव्ह कंट्रोल, नाहीतर प्रायमर-प्रोबचा साठा.

कृत्रिम कंट्रोलबद्दल एक सूचना काटेकोर पाळा. प्रायमर, प्रोब आणि पॉझिटिव्ह कंट्रोलचा डीएनए एकाच ऑर्डरमध्ये मागवू नका. एकाच ठिकाणी, एकाच दिवशी बनताना प्रायमरच्या कुपीत कंट्रोलचे रेणू शिरू शकतात आणि तुमच्या टेबलावर यायच्या आधीच घाण झालेली असते. कंट्रोल वेगळ्या ऑर्डरने, आधी प्रायमर-प्रोब पाण्यावर तपासून झाल्यावर मागवा. आला की मिक्सच्या खोलीत उघडू नका. मूळ कुपीत अब्जावधी प्रती असतात. पातळ करून मायक्रोलिटरला ५०० प्रतींवर आणा आणि तेवढाच रोजच्या कामात ठेवा. त्याचा सीटी २९-३० च्या आसपास येईल आणि एवढा पुरतो. १८ ला येणारा दणदणीत पॉझिटिव्ह कंट्रोल प्लेटवर बघायला छान वाटतो, पण तो घाणीचा मोठा स्रोत असतो, आणि अशक्त नमुने पकडायची तुमची क्षमता तपासत तर नाहीच.

काही मास्टर मिक्समध्ये यूएनजी हे एन्झाइम असतं, जे जुना पीसीआरचा माल खाऊन टाकतं. ते फक्त ड्यूटीपी (नेहमीच्या टी अक्षराऐवजी वापरायचं यू अक्षर) घालून बनलेला माल ओळखतं. प्लाझमिडवर, कृत्रिम डीएनएवर, पानाच्या डीएनएवर त्याचा काही परिणाम नाही. तेव्हा यूएनजी घातलं म्हणून निर्धास्त राहू नका.

स्वच्छतेला बाजारातलं ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट दहापट पातळ करा, रोज ताजं. टेबल, पिपेटचा दांडा, रॅक यांना लावून १० मिनिटं थांबा, मग पाण्याने आणि ७० टक्के अल्कोहोलने पुसा. नुसत्या अल्कोहोलने डीएनए मरत नाही, तो पुसला जातो आणि कापसावर बसून पुढच्या टेबलावर जातो. किटच्या गुआनिडीन असलेल्या बफरवर हायपोक्लोराइट कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो. दोन खोल्या नसतील तर दोन टेबलं आणि वेळेचं बंधन: सकाळी मिक्स, दुपारी डीएनए घालणं, संध्याकाळी रन, आणि उलट दिशेने कोणी जायचं नाही. मिक्सच्या टेबलाचं पिपेट, कोट, मार्करसुद्धा वेगळा. पाण्याची ट्यूब सगळ्यात शेवटी भरा आणि शेवटी बंद करा, म्हणजे नमुने घालताना झालेली गफलत तिच्यात दिसेल.

एवढं करूनही रेषा राहिली तर एक-एक घटक बदला: आधी पाणी, मग प्रायमर, मग प्रोब, मग मिक्स. एका रनला एकच. घाई असेल तर सगळं फेकून नवं उघडा, तेही चालतं, फक्त स्रोत कळणार नाही.

आता रेषेचा आकार. सीटीचा आकडा वाचायच्या आधी कच्ची चमक उघडा. खरी रेषा आधी सपाट असते, मग वळते, चढते आणि पुन्हा सपाट होऊ लागते. ३६ च्या पुढे उठली तर वरचं वळण दिसायला वेळ मिळत नाही, पण चढ तरी खालून वर वाकलेला हवा. पहिल्या सायकलपासून सरळ तिरकी चढणारी आणि शेवटी थ्रेशोल्डला, म्हणजे सीटी मोजायच्या पातळीला, घासून जाणारी रेषा म्हणजे जिवाणू नव्हे. ती सावकाश तुटणाऱ्या प्रोबची किंवा सैल झाकणातून वाफ जाणाऱ्या ट्यूबची असते. रॉक्स (तुलनेसाठी मिक्समध्ये घातलेला, एरवी न बदलणारा रंग) असलेलं मिक्स असेल तर रॉक्सची रेषाही पाहा. तीसुद्धा चढत असेल तर वाफच.

एक चूक वारंवार होते. सॉफ्टवेअर बेसलाइन, म्हणजे वजा करायची सुरुवातीची पार्श्वभूमी, ३ ते १५ सायकलची धरतं. कॉक्स १५ लाच उठत असेल तर उठलेली चमकच बेसलाइन म्हणून वजा होते, कॉक्सची रेषा खाली बुडी मारते आणि सीटी भलताच येतो. कॉक्ससाठी बेसलाइन ३ ते १० ठेवा, फॅमसाठी वेगळी. थ्रेशोल्डही दोन्ही रंगांना वेगवेगळा. फॅमचा थोडा उजेड हेक्सच्या वाटेत येतो म्हणून मशीनचं रंगाचं कॅलिब्रेशन वेळेवर करा. ट्यूबच्या झाकणावर मार्करने नंबर लिहू नका, काही शाया स्वतःच चमकतात. नंबर रॅकच्या कागदावर.

डीएनएसोबत आलेला, पीसीआर अडवणारा अडथळा ओळखायचा असेल तर डीएनए दहापट पातळ करून दोन्ही एकत्र चालवा. स्वच्छ डीएनए दहापट पातळ केला की सीटी ३.३ सायकलने पुढे जातो. फक्त एक-दीड सायकलने गेला, किंवा उलट अलीकडे आला, तर मूळ डीएनएमध्ये अडथळा होता. कॉक्स १६ ऐवजी २२ ला येत असेल तरी तोच संशय. बीएसए हे प्रथिन ०.२ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर घातलं की फेनॉलचा त्रास पुष्कळ कमी होतो. कॉक्स अजिबात न आलेला नमुना ‘निगेटिव्ह’ म्हणून कधीच द्यायचा नाही. तो ‘तपासणी झाली नाही’ या रकान्यात.

दहापटीच्या पायऱ्यांनी पाच-सहा पातळ्या करून प्रमाणरेषा एकदा तरी काढा. उतार उणे ३.३२ म्हणजे दर सायकलला नेमकं दुप्पट. उणे ३.१ ते ३.६ चालतं. उणे ३.९ आला तर प्रायमर, तापमान किंवा अडथळा तपासा.

प्रोबची निगा हा तुमच्या ‘प्रोब खराब का’ या प्रश्नाचा भाग. कोरडी कुपी आली की आधी स्पिन करा, भुकटी झाकणाला चिकटलेली असू शकते. कुपीवर २४.६ नॅनोमोल लिहिलं असेल तर २४६ मायक्रोलिटर टीई बफर घाला, १०० मायक्रोमोलर होतं. टीई पीएच ८, पाणी नव्हे. आम्लधर्मी पाण्यात फॅमची चमकही कमी होते. तिथून २० मायक्रोलिटरच्या छोट्या वाटण्या करा, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, उणे २० ला ठेवा. वाटणी एकदा वितळली की ४ अंशांवर ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा. पुन्हा-पुन्हा गोठवू नका. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर यासाठी वापरू नये. तो बर्फ जमू नये म्हणून स्वतःच मधून मधून गरम होतो, आणि लोडशेडिंगची त्यात भर पडली की कुपी रोज थोडी वितळते. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटलीत बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा. नाणं आत बुडालेलं दिसलं तर तुमच्या मागे वीज गेली होती. मशीनला ऑनलाइन यूपीएस हवाच. रनच्या मध्ये वीज जाऊन आली तर तो रन टाकून द्या, जोडून वाचू नका.

प्रोबची तब्येत एका ट्यूबमध्ये कळते. २०० नॅनोमोलर प्रोब डीएनेजच्या (डीएनए कातरणारं एन्झाइम) स्वतःच्या बफरमध्ये घाला, फॅमची चमक वाचा. मग थोडं डीएनेज-१ घालून ३७ अंशांना १० मिनिटं ठेवा, पुन्हा वाचा. चमक पाचपट किंवा जास्त वाढली तर प्रोब ठीक. जेमतेम दुप्पट झाली तर तो आधीच तुटलाय, किंवा त्यावर क्वेंचर नीट बसलेला नाही. नवा प्रोब मागवताना पाहा: पहिलं अक्षर जी नको, ते फॅमची चमक दाबतं. वितळण तापमान प्रायमरपेक्षा ८-१० अंश जास्त हवं. फॅमला बीएचक्यू-१ हा क्वेंचर जुळतो, ४८० ते ५८० नॅनोमीटरमध्ये गिळतो. जुना टॅम्रा क्वेंचर स्वतः चमकतो, त्याच्या मागे जाऊ नका.

राहिले ३५ ते ३८ वाले नमुने. ग्रीनिंगची रूढ चाचणी १६एस जीनवर आहे आणि या जिवाणूच्या जीनोममध्ये १६एसच्या ३ प्रती असतात. पण १६एस सगळ्याच जिवाणूंमध्ये असतो, आणि पानाच्या आत-बाहेर राहणारे दुसरे निरुपद्रवी जिवाणू उशिराची रेषा देऊ शकतात. म्हणून असे नमुने दुसऱ्या जीनवर, आरएनआर जीनवर तपासा. त्याच्या या जिवाणूत ५ प्रती आहेत आणि तो १६एसइतका सगळीकडे सारखा नसतो. तिथेही चांगल्या आकाराची रेषा आली तर झाड पॉझिटिव्ह. १६एस ३६ आणि आरएनआर कोरा, तर निकाल अनिर्णित.

प्रत्येक नमुना तीन ट्यूबमध्ये चालवा आणि तीनपैकी एकीत रेषा आली म्हणून गोंधळू नका. ट्यूबमागे सरासरी १ प्रत असेल तर १०० पैकी ३७ ट्यूबमध्ये एकही प्रत पडत नाही. सरासरी ३ असेल तर ५ ट्यूब कोऱ्या जातात. तेव्हा इतक्या खालच्या पातळीवर ‘तीनपैकी एक’ ही मशीनची चूक नसते. शंका मिटवायची तर ट्यूबमध्ये जास्त डीएनए येईल असं करा, म्हणजे नवी पानं, नवी शीर, पुन्हा काढलेला डीएनए. तोच जुना डीएनए पाच वेळा चालवून काही कळत नाही.

कुठल्या सीटीपर्यंत पॉझिटिव्ह धरायचं, त्या मर्यादेचा आकडा दुसऱ्याचा उसना घेऊ नका. जाळीतल्या निरोगी रोपांचे वीसेक नमुने आणि खात्रीच्या पॉझिटिव्ह झाडाचा डीएनए निरोगी डीएनएमध्ये पातळ करत नेलेले नमुने, दोन्ही तुमच्याच मशीनवर, तुमच्याच मिक्सने चालवा. निरोगी नमुन्यांत एकही रेषा येत नाही आणि पॉझिटिव्ह पातळी २० पैकी १९ वेळा पकडली जाते, तो सीटी तुमची मर्यादा. पाण्यातली रेषा घालवल्याशिवाय हा आकडा काढायचा नाही, नाहीतर घाणच मर्यादेत मोजली जाईल.

तोवर रोपवाटिकेला अहवाल देताना तीनच शब्द ठेवा: पॉझिटिव्ह, आढळला नाही, अनिर्णित. ‘रोगमुक्त’ लिहू नका, एका वेळच्या आठ-दहा पानांवरून ते म्हणता येत नाही. अनिर्णित झाडावर लाल फीत बांधायला सांगा, त्याच्या डोळकाड्या बंद, झाड तोडायची घाई नाही. त्यावर सिट्रस सिलासाठी फवारणी चालू ठेवायची, कारण झाड खरंच रोगी असेल तर हीच बारीक उडती कीड ते शेजारच्या झाडांत नेते. ऑक्टोबरनंतर चारही दिशांची पानं नव्याने घ्या, दोन्ही जीनवर चालवा, आणि आज पाण्यात ३७ ला रेषा आलेल्या ज्या प्लेटवरून अहवाल गेले असतील, ते सगळे परत मागवून त्या झाडांची नावं याच यादीत घाला.